भंगारात देण्याआधी
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



ऑफिसातला जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचं ठरलंय. जरूर द्या, पण आधी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्या. आपल्या सर्वांचे पॅन, आधार, भाडेकरूंचे करारनामे तिच्यात स्कॅन करून ठेवलेत. सेक्रेटरी म्हणतात, "काका, सगळं डिलीट केलंय." अहो, डिलीट म्हणजे लेजरच्या इंडेक्सचं पान फाडणं. आतली खाती जागच्या जागी असतात, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. साध्या सॉफ्टवेअरनं ती पुन्हा वाचता येतात.

बँकेत जुनं रेकॉर्ड नष्ट करताना रजिस्टरात नोंद आणि अधिकाऱ्यांच्या सह्या लागत. कंटाळवाणं काम, पण चोख. इथंही दोन सभासदांसमोर डिस्कच्या तबकड्यांना ड्रिलनं आरपार भोकं पाडू, तिचा नंबर मिनिट्स बुकात लिहू. मग सगळा सांगाडा 2022 च्या ई-कचरा नियमांखाली नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे.

घरचा मोबाइल विकताना आधी गूगल खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट करा. सिम आणि मेमरी कार्ड मात्र हातानं बाहेर काढा. नातवंडांचे फोटो बहुधा त्या कार्डातच असतात!

ड्रिल मशीन माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी दहाला ऑफिसात या.