कोड ठेवला, पण सापडणार कुणाला?

प्राध्यापक, ग्रंथपाल आणि कोड लिहिणाऱ्या मंडळींनो,

संमेलन बिबवेवाडीत म्हटल्यावर ‘हिंजवडीत का नाही?’ असं काहींनी विचारलंच. हिंजवडीत कोड विकला जातो. इथे अप्पर इंदिरानगरच्या चढावर विश्वकर्मा इन्स्टिट्यूट आहे, 1983 पासून तिथे इंजिनिअर घडताहेत; आणि मला बोलायचंय ते न विकल्या जाणाऱ्या कोडबद्दल. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट, कुणी हौसेनं केलेला शुद्धलेखन तपासनीस, फॉन्टमधले जोडाक्षरांचे नियम. हे सगळं पुढे जातं कुठे?

‘गिटहबवर आहे की!’ हे उत्तर मला पुरत नाही. गिटहब ही मिळून काम करण्याची जागा आहे, दफ्तरखाना नव्हे. गूगल कोड हे तसंच ठिकाणही भक्कम वाटायचं. 2016 च्या जानेवारीत ते बंद झालं. लोहित फॉन्टची गोष्ट तर आपल्या गावची. ते घडवले पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं, आणि 2004 मध्ये रेड हॅटनं ते मुक्त परवान्याखाली खुले केले. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना तेच वळण सवयीचं झालं. त्यांचा सोर्स कोड फेडोराहोस्टेडवर होता. ते ठिकाण 2017 च्या मार्चमध्ये बंद झालं. लोहितला पाठीराखे होते, म्हणून बिऱ्हाड हललं. एकट्या हौशी माणसाच्या कोडला कोण हलवणार?

असा कोड जमवण्याचं काम फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेनं 2016 मध्ये मनावर घेतलं. त्यांचा सॉफ्टवेअर हेरिटेज हा संग्रह जगभरची कोडची ठिकाणं पालथी घालतो. गूगल कोडवरचा ऐवजही त्यानं उचलून ठेवला. प्रत्येक फाइलची ओळख तिच्या मजकुरातूनच गणितानं काढलेली असते. त्यामुळे तीच फाइल हजार प्रोजेक्टांत असली तरी साठवायची एकदाच, आणि एक स्वल्पविराम बदलला तरी ओळख बदलते. प्रतीत कुणी फेरफार केला तर तो लपत नाही.

जमवलेल्यात शोधणं ही वेगळीच विद्या. गूगलचा कोड-शोध बंद झाला तेव्हा, 2012 मध्ये, तो घडवणाऱ्या रस कॉक्स यांनी त्यामागची युक्ती उघड केली: मजकुराचे सलग तीन-तीन बाइटचे तुकडे करायचे आणि कुठला तुकडा कुठल्या फाइलींत आहे याची सूची ठेवायची. शोधशब्दाचे सगळे तुकडे ज्या फाइलींत आहेत, तेवढ्याच उघडून पाहायच्या. रोमन लिपीत तीन बाइट म्हणजे तीन अक्षरं. यूटीएफ-8 मध्ये मात्र देवनागरीचं एकेक चिन्हच तीन बाइट खातं. म्हणजे ‘कर’ आणि ‘रक’ या सूचीला जवळजवळ सारखेच! मराठी टिपा असलेल्या कोडसाठी ही चाळणी फार भोकांची ठरते. तुकडे बाइटचे न पाडता चिन्हांचे पाडायला हवेत. एम.टेक.च्या प्रबंधाला हा विषय छान आहे, कुणीतरी घ्या.

आणि सर्वांत कंटाळवाणं काम, नोंदी करण्याचं. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 मध्ये हाती घेतली, ती पुरी झाली 1966 मध्ये. पोथ्या गोळा करण्यावर ते काम थांबलं नाही. कुठला पाठ कुठल्या पोथीत, हे पानोपानी तळटीपांत नोंदवलं गेलं. आपल्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये मात्र ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘खरंच फायनल’. कोणी लिहिलं, कशावरून घेतलं, काहीच नाही. परवान्याची फाइल नसते, म्हणजे कोड डोळ्यांसमोर असूनही कायद्यानं कुणी वापरू शकत नाही.

विभागप्रमुखांना माझी सूचना आहे. प्रोजेक्टचे काही गुण या नोंदींसाठी राखून ठेवा. परवाना नसेल तर त्यातलं शून्य द्या; ओरड होईल, होऊ द्या. मूल्यमापनाच्या दिवशी ग्रंथपालांना परीक्षकांच्या शेजारी बसवा. आजवर आपण त्यांना सीडी जमा करून घ्यायलाच बोलावत आलो.