मोबाईल घेताना वर्षं मोजा



नागपूरहून वर्ध्याला जाताना वाटेत केळझर लागतं. टेकडीवर सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, आणि हीच महाभारतातली एकचक्रानगरी असं आमच्याकडे परंपरेनं मानतात. गावात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. चतुर्थीला दर्शनाला आलेली मंडळी 'जरा चार्जिंगला लावता का हो' म्हणत येतात. दिवाळीनंतर कापसाचे पैसे हातात आले की शेतकरी येतात, आणि त्यांचा प्रश्न एकच असतो. 'भाऊ, कोणता घेऊ?' मी मोबाईल विकत नाही, फक्त दुरुस्त करतो. कदाचित म्हणूनच मला विचारत असावेत.

हा प्रश्न पूर्वी इतका अवघड नव्हता. २००३ साली नोकियाचा ११०० हा फोन आला. जगभरात पंचवीस कोटींच्या आसपास फोन त्या एका प्रकाराचे विकले गेले. त्याला टॉर्च होती, बॅटरी दोन-तीन दिवस चालायची, आणि मागचं झाकण नखानं उघडायचं. विदर्भात तेव्हा भारनियमन किती कडक होतं, ते जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. आमच्याकडचे हुशार लोक खिशात दुसरी भरलेली बॅटरी ठेवायचे. एक संपली की दुसरी घातली, काम झालं. बॅटरीही टिकाऊ आणि मोबाईलही आपल्या हातातला, असं दोन्ही एकाच वस्तूत मिळत होतं.

पुढे २००७ साली आयफोन आला. त्याची बॅटरी ग्राहकाला काढता येत नव्हती. हळूहळू जवळपास सगळ्याच कंपन्या त्या वाटेनं गेल्या. त्यालाही कारणं होती. बॅटरीभोवतीचं कडक कवच गेलं की त्याच जागेत मोठी बॅटरी बसते, फोन पातळ होतो, पाण्यापासून बचाव करणं सोपं जातं. पण आता ती बॅटरी आत गोंदानं चिकटवलेली असते. मला ती काढायची तर आधी मागची काच गरम करून सोडवावी लागते. टिकाऊपणा आणि लवचीकपणा यांची फारकत झाली ती इथे. लवचीकपणा म्हणजे काय, तर दोन सिम, मेमरी कार्ड, सुटा भाग बदलण्याची सोय, आणि नवं ॲप आलं तर ते चालण्याची खात्री.

आता कोणी म्हणेल, शेतकऱ्याला एवढा विचार कशाला? साधा फोन घ्यावा. तर तसं आता राहिलेलं नाही. २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, फोन जागेची नोंद घेतो, आणि ते सातबाऱ्यावर जातं. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळानं हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आणली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. नोंदणीच्या वेळी फोन बंद पडला, ओटीपी आला नाही, तर व्यापारी म्हणेल त्या भावात माल द्यायची पाळी येते. मोबाईल आता सातबाऱ्याइतकाच जपण्याची वस्तू झाला आहे.

मग बॅटरी कशी पारखायची? डब्यावर ५,०००, ६,००० असे आकडे असतात. २०२५ मध्ये तर ७,००० च्या पुढचे फोनही आले. हा आकडा म्हणजे विहिरीतलं पाणी समजा. पाणी किती वेळ पुरेल ते मोटर किती मोठी त्यावर ठरतं. फोनची मोटर म्हणजे उन्हात पूर्ण उजेडावर ठेवलेली स्क्रीन, आणि दुसरी म्हणजे कमजोर नेटवर्क. टॉवर लांब असला की फोन जास्त जोर लावतो. बोरच्या जंगलाकडेच्या गावांतले लोक सांगतात, 'भाऊ, फोन खिशातच असते अन् दुपारपर्यंत संपते.' त्यात फोनचा दोष नसतो. टॉवर शोधता शोधता तो दमतो.

आता मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. लोक बॅटरी दिवसात मोजतात, ती वर्षांत मोजायला हवी. बॅटरी शून्यापासून शंभरपर्यंत भरण्याइतका वापर झाला की एक फेरी धरतात. युरोपीय संघानं जून २०२५ पासून नियम केला, की ८०० फेऱ्यांनंतरही बॅटरीत मूळच्या ८० टक्के ताकद उरली पाहिजे. हाच आकडा धरून हिशेब करू. समजा तुमचा रोजचा वापर ३,६०० चा आहे. ४,००० ची बॅटरी असेल तर रोज जवळजवळ एक फेरी होते, आणि ८०० फेऱ्या अडीच वर्षांच्या आत संपतात. ६,००० ची असेल तर रोज अर्ध्याहून थोडीच जास्त फेरी होते, आणि त्याच ८०० फेऱ्यांना साडेतीन वर्षं लागतात. म्हणजे मोठी बॅटरी दिवसालाही पुरते आणि वर्षांनाही.

यात आपलं ऊन धरलेलं नाही. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. पस्तीस अंशांच्या वर तापलेल्या बॅटरीची ताकद कायमची घटू शकते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. मोटरसायकलच्या टाकीवरच्या पिशवीत, ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवलेले फोन फुगलेल्या बॅटरीसह माझ्याकडे येतात. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, आणि तो फोन चार्जिंगला तर मुळीच लावू नये.

म्हणजे चांगल्यातली चांगली बॅटरीही कधीतरी थकणारच. तेव्हा लवचीकपणा कामाला येतो. २०१७ च्या डिसेंबरात ॲपल कंपनीनं मान्य केलं, की बॅटरी थकलेले जुने आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून ती त्यांचा वेग कमी करत होती. त्यानंतर अमेरिकेत तिनं बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. ज्यांना आपला फोन म्हातारा झाला असं वाटत होतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची फक्त बॅटरी म्हातारी झाली होती.

गेल्या हंगामात एक ताई मुलाला घेऊन आल्या. चार एकर कोरडवाहू, वावराचं सगळं त्या पाहतात. मुलगा नागपूरला शिकतो. त्यानं एक पातळ, देखणा फोन ठरवला होता. तो म्हणाला, 'काका, याला बरीच वर्षं अपडेट भेटतात. आईचा फोन जुना झाला म्हणून कोणतं ॲप बंद नाही पडणार.' ताईंनी मोठ्या बॅटरीचा, वजनदार फोन पाहून ठेवला होता. त्या म्हणाल्या, 'मले सकाळपासून रातपर्यंत पुरला पाह्यजे. वावरात कुठं चार्जिंगले लावू?'

दोघांचंही बरोबर होतं. मी ताईंना विचारलं, 'आधारला कोणता नंबर जोडला आहे?' त्या म्हणाल्या, जुना. पण जुन्या नंबराला वावरात नेटवर्क नाही, तिथे दुसऱ्या कंपनीचं सिम चालतं. म्हणजे दोन सिम हवीतच. शिवाय पिकांचे आणि नातवंडांचे फोटो जुन्या मेमरी कार्डात. दोन्ही फोनचा ट्रे काढून पाहिला. मुलाच्या फोनला कार्डाची जागाच नव्हती. ताईंच्या फोनला होती, पण दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्हींपैकी एकच बसेल अशी. दुकानदार 'ड्युअल सिम, मेमरी कार्ड' असं सांगतो ते खोटं नसतं, पण दोन्ही एकाच वेळी बसतं का, हे आपणच विचारावं लागतं.

शेवटी त्यांनी तिसराच घेतला. बॅटरी ५,००० ची, तिन्हींना वेगळी जागा, चार वर्षं सुरक्षेचे अपडेट देण्याचं कंपनीचं आश्वासन, आणि बॅटरी व डिस्प्ले वर्ध्यात मिळणारे. कॅमेरा बेताचा आहे, मुलगा अजून कुरकुरतो. पण कापसाची नोंदणी ताईंनी वावराच्या धुऱ्यावर बसून स्वतः केली.

तेव्हा श्रोतेहो, फोन घेताना चार प्रश्न विचारा. माझा दिवस कुठे जातो, चार्जरजवळ की उन्हात? ट्रे उघडून दाखवा, दोन सिम आणि कार्ड एकदम बसतं का? अपडेट किती वर्षं मिळतील? आणि याची अस्सल बॅटरी जवळच्या शहरात मिळते का, बदलायला किती पैसे पडतात? बॅटरी बदलायला फोनच्या किमतीच्या निम्मे पैसे लागणार असतील, तर तो फोन स्वस्त नाही.

युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून, काही सवलती सोडता, ग्राहकाला स्वतः बदलता येईल अशी बॅटरी देणं कंपन्यांना बंधनकारक ठरवलं आहे. आपल्याकडेही कोणती वस्तू दुरुस्तीला किती सोपी, याचे गुण ग्राहकाला दिसावेत, अशी शिफारस केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं नेमलेल्या समितीनं २०२५ साली केली. ते गुण डब्यावर छापून येतील तेव्हा येतील. तोवर दुकानात उभं राहून, पैसे देण्याआधी, हे चार प्रश्न मोठ्यानं विचारायला संकोचू नका.