पाणी दिल्यानंतर



मघापासून बरेच जण म्हणाले, 'शाळेनं आम्हाला तावून-सुलाखून काढलं.' हे झालं सोन्याचं. मी सॉफ्टवेअरमध्ये असले तरी पदवी मेकॅनिकलची आणि मुलगी लोहाराची. म्हणून पोलादाचं सांगते.

आठवीत मी बाबांच्या नकळत एका विळ्याला पाणी दिलं. लालभडक तापवून पाण्यात बुडवला आणि ऐटीत गिऱ्हाइकाच्या हाती दिला. तो फरशीवर पडला आणि काचेसारखा तुटला. बाबा एवढंच म्हणाले, "पाणी दिलंस, पण नंतर शेकला नाहीस."

कारण कॉलेजात कळलं. साधारण ७२७ अंश सेल्सिअसच्या वर पोलादातल्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. सावकाश निवू दिलं तर तो बाहेर पडतो, पोलाद मऊ राहतं. एकदम पाण्यात बुडवलं तर त्याला वेळच मिळत नाही. तो आतच अडकतो आणि मांडणी ताणली जाते. हे मार्टेन्साइट, अतिशय कठीण, पण ठिसूळ. मग तेच पातं २००-३०० अंशांपर्यंत पुन्हा शेकायचं. घासलेल्या पात्यावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा रंग चढतो. कार्बनचे बारीक कण सुटे होतात, ताण उतरतो. थोडा कठीणपणा जातो, पण चिवटपणा येतो.

नववीत गृहपाठ केला नाही म्हणून मी हातावर छडी खाल्ली. मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाईंनी जवळ बसवून विचारलं, "घरी काय असतं गं?" मी रात्री भाता ओढते, हे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, लाज वाटायची. पुढच्या आठवड्यात बाईंनी मला दोन सुया देऊन वर्गापुढे उभं केलं. दोन्ही लाल केल्या. सावकाश निवलेली वाकली, पाण्यात टाकलेली कट्कन मोडली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. लाज तिथंच संपली.

बाई, पाणी सगळ्यांनीच दिलं. शेक तुम्ही दिलात.

पण त्या दिवशी माझ्या शेजारी छडी खाणारा आणखी एक जण होता. त्याला कुणीच काही विचारलं नाही, मीसुद्धा नाही. दहावीला तो आलाच नाही. आजच्या यादीत त्याचं नाव नाही. कुणाकडे त्याचा फोन नंबर असेल, तर जेवणाआधी मला द्या.