आजीच्या माळेतला मणी इटलीचा की कालचा?

सायखेड्याहून बोलतोय. नोकरी कोडिंगची, पण आजचा विषय काचेचा.

माझ्या आत्याकडे आजीची मण्यांची माळ आहे, प्रत्येक मण्यावर बारीक फुलं. तिने फोटो फेसबुकवर टाकला आणि परदेशातून मेसेज आला, "कुरिअर करा, चांगले पैसे देतो." आत्या म्हणाली, पाठवू का रे?

आधी हे मणी बनतात कसे ते बघू. अळूवडीचा उंडा आठवा. कुठूनही कापा, प्रत्येक वडीत तीच नक्षी. तसेच रंगीत काचेचे थर चढवून जाड कांडी करतात आणि गरम असतानाच ओढून बारीक करतात. नक्षी आकसते, मोडत नाही. कांडीच्या चकत्या म्हणजे मुरीने. त्या मण्यावर बसवल्या की मिलेफिओरी, म्हणजे हजार फुलं. यात नाव व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाचं. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये व्हेनिसने काचभट्ट्या तिथे हलवायला लावल्या. एकोणिसाव्या शतकात जाकोमो फ्रांकिनीने तर कांडीत गॅरिबाल्डीचा चेहरा बसवला!

आता ओळख. मणी गालाला लावा. काच गार लागते, प्लास्टिक नाही. मग भिंगातून भोकाची कड बघा. वर्षानुवर्षं दोऱ्यात ओवलेला मणी तिथे झिजलेला असतो. जुन्या हातकामात फुलं थोडी वेडीवाकडी असतात. पण यातली एकच खूण पुरेशी नाही. आज इटलीत, चीनमध्येही असे मणी बनतात. नुसत्या फोटोवरून वय सांगणाऱ्या ॲपवर तर विसंबूच नका.

किंमत? ते आपल्याला कांद्याने शिकवलंय. शेतकऱ्याच्या मनातला भाव वेगळा, लिलावात पुकारला तो वेगळा. ऑनलाइन लिहिलेली किंमत ही मागणी असते. बघायचं ते पूर्वी प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या तशाच मालाचे आकडे. तडा, टवका, दुर्मीळ नक्षी, कुठून आला याचा कागद, यावर भाव वरखाली होतो.

आणि कुरिअर? १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं वा त्याहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ती मूळची इटलीची का असेना. वस्तू तेवढी जुनी नसेल, तर तसं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग देतो.

म्हणून आत्याला सांगितलं, आधी वय कळू दे, तोवर पाठवू नको. तुमच्या घरी अशी माळ असेल तर घासूनपुसून चकचकीत करू नका. ती झीजच तिचा जन्मदाखला आहे.

भेटू पुढच्या भागात!