त्या शुक्रवारीं आपण कोठें होतां?

घरांतील वृद्ध माणसांपाशीं जुन्या गोष्टी निघाल्या म्हणजे सनावळींचा बहुधा घोंटाळाच होतो. लग्न कोणत्या सालीं झालें, मोठा पूर केव्हां आला, हें सांगतांना बोटें मोजावीं लागतात. परंतु 30 जानेवारी 1948 या दिवसाविषयीं प्रश्न केला कीं उत्तर तत्काळ येतें. कोणी ओसरीवर दिवा लावीत होतें, कोणी बाजारांतून परतत होतें, कोणाचे वडील बाहेरून येऊन टोपी न काढतांच खालीं बसले होते. वार शुक्रवार होता, हेंही श्रोत्यांच्या घरांतील एखाद्या आजीबाई न चुकतां सांगतील.

गांधीजींवर दिल्लींत गोळ्या झाडल्या गेल्या त्या सायंकाळीं पांच वाजून सतरा मिनिटांनीं. नभोवाणीनें ही वार्ता सहा वाजतां सांगितली. ती पेण व रोहा येथें कशी पोंचली असेल? हीं दोन्ही गांवें तेव्हां कुलाबा जिल्ह्यांत होतीं. जिल्ह्यास रायगड हें नांव मिळालें तें 1981 सालीं. मुंबई तशी खाडीपलीकडेच, पण आगगाडी नव्हती. रोह्यापर्यंत रूळ आले ते 1986 सालीं. मोटाररस्ता आणि धरमतर-रेवसकडील जलमार्ग यांवरच सारी भिस्त, आणि मुंबईचें वृत्तपत्र हातीं पडावयाचें तें दुसऱ्या दिवशीं. तेव्हां पेणच्या मिठागरांवरून परतणाऱ्या मजुरास काय, किंवा कुंडलिकेच्या कांठीं रोह्यांत दुकान आवरणाऱ्या वाण्यास काय, बातमी आली ती बहुधा दुसऱ्याच्या तोंडून.

स्वातंत्र्य मिळालें त्या वेळीं साऱ्या देशांत नभोवाणीचीं केंद्रें अवघीं सहा आणि ग्रहणयंत्रें सुमारें 2,75,000 होतीं. लोकसंख्या तेहतीस कोटींवर. म्हणजे बाराशें माणसांमागें जेमतेम एक यंत्र. असें असतां, पंडित नेहरूंचें त्या रात्रीचें भाषण आपण प्रत्यक्ष ऐकलें असें कोणी शपथपूर्वक सांगितलें, तर त्यास खोटें म्हणण्याची घाई करूं नये. कदाचित् खरेंच ऐकलें असेल. कदाचित् दुसऱ्या दिवशीं, अंत्ययात्रेचें जें वर्णन मेलव्हिल डी मेलो यांनीं सुमारें सात तास नभोवाणीवरून केलें, त्या वेळीं कोणाच्या तरी ओसरीवर जमलेल्या घोळक्यांत तो मनुष्य बसला असेल. तें भाषण तर पुढें कितीदां तरी पुन्हां ऐकविलें गेलें. स्मृतीनें या साऱ्यांची एक संध्याकाळ केली.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. अब्राहम लिंकन यांचा वध 1865 सालीं झाला. ती वार्ता कळली तेव्हां आपण कोठें होतां, असें कोलग्रोव्ह या मानसशास्त्रज्ञानें 179 प्रौढ व वृद्ध माणसांस विचारलें. 1899 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत 127 जणांनीं स्थळ, वेळ, सोबतीला कोण होतें, सारें तपशीलवार सांगितलें. तें कितपत खरें, हें मात्र कोणीं तपासलें नाहीं. तें काम पुढें अल्रिक नायसर यांनीं केलें. 1986 सालीं चॅलेंजर यान नष्ट झालें. दुसऱ्याच सकाळीं त्यांनीं विद्यार्थ्यांकडून लेखी उत्तरें घेतलीं, आणि तीन वर्षें पुरीं होण्यापूर्वीं त्यांतील 44 जणांस तोच प्रश्न पुन्हां केला. अकरा जणांचें एकही मुख्य उत्तर जुळलें नाहीं. आत्मविश्वास मात्र अढळ! नायसर यांचीच गंमत अशी कीं, पर्ल हार्बरची बातमी आली तेव्हां आपण नभोवाणीवर बेसबॉलचा सामना ऐकत होतों, असें त्यांना कित्येक वर्षें स्पष्ट आठवत असे; आणि अमेरिकेंत डिसेंबरांत बेसबॉल खेळतच नाहींत.

महाराष्ट्रांत मात्र या आठवणीस आणखी एक अंग आहे, आणि तें अशा पाहण्यांत सांपडत नाहीं. मारणाऱ्याचें नांव कळलें, आणि तें मराठी निघालें. पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूस ब्राह्मणांचीं घरें जाळलीं गेलीं. कोल्हापुरांत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. दुसरीकडे, कांहींनीं मिठाई वांटली, असा उल्लेख सरदार पटेल यांच्या 1948 च्या पत्रव्यवहारांत आहे. त्यामुळें ‘आपण कोठें होतां’ हा प्रश्न मराठी घरांत साधा राहिला नाहीं. दार केव्हां लावून घेतलें, शेजारी कोण धांवून आला, कोण आला नाहीं, पुढें केलेला पेढा हातांत घेतला कीं नाहीं, या गोष्टी पुष्कळांनीं मुलांनाही सांगितल्या नाहींत.

पेण तालुक्यांतील गागोदें हें विनोबा भावे यांचें जन्मगांव. 1895 सालीं जन्मलेले विनोबा बालपणीं तेथेंच वाढले आणि मग बडोद्यास गेले. त्या शुक्रवारीं ते वर्ध्याजवळ पवनार येथें होते. फेब्रुवारींत गांधीजी सेवाग्रामास यावयाचे व रचनात्मक कार्यकर्त्यांची बैठक भरावयाची, असें ठरलें होतें. ती मार्चांत गांधीजींवांचून भरली. पंडित नेहरू, राजेंद्रप्रसाद, मौलाना आझाद ही मंडळी समोर होती. विनोबांना या प्रकरणांतून स्वतःस सहज वगळतां आलें असतें. जात त्यांनीं केव्हांच टाकली होती, आणि दिल्ली पवनारपासून शेंकडों मैल दूर. तरी त्यांनीं बैठकींत सांगितलें कीं, हें कृत्य ज्या जातीच्या माणसाकडून घडलें त्याच जातींत आपला जन्म झालेला आहे, आणि हें आपणांस विसरतां येत नाहीं.

त्या संध्याकाळीं पेणमध्यें किंवा रोह्यांत जें मूल आठ वर्षांचें होतें, त्यानें आज पंच्याऐंशी गांठलीं आहेत. त्याला विचारावयाचें तर नभोवाणीवर काय ऐकलें तें नको. दिवेलागणीनंतर घरांतलीं वडील माणसें आपसांत काय बोलत होतीं, आणि मूल जवळ आलेलें पाहून एकाएकीं गप्प झालीं काय, तें विचारावें.