लंडनला भेटलेला विधिक चांभार

(वस्तीतल्या वाचनालयात रविवारच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला सांगण्यात आलं की आज कलेवर बोल. सांगणाऱ्याला मी म्हणालो, बाबा, मी मॅट्रिक. इंदिरा डॉकवर कंत्राटदाराच्या टोळीत आहे. जहाजाच्या पोटातनं लोखंडी पत्र्याची गुंडाळी निघते, तिला स्लिंग लावतो. कविता लिहितो, कारण कवितेला सर्टिफिकेट मागत नाहीत. कलेवर काय बोलू? तर तो म्हणाला, तुझी बहीण लंडनला तेच शिकतेय ना, तिचं सांग.

तिचंच सांगतो. माझी मावसबहीण. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेली, कलेचा इतिहास शिकायला. वस्तीत पेढे वाटले तेव्हा अर्ध्या लोकांनी विचारलं, म्हणजे काय शिकणार? डॉक्टर नाही, इंजिनियर नाही, वकील नाही. एक काका म्हणाले, चित्रं बघायला विमानानं जायचं? मीही हसलो होतो. आता ती हसण्याची लाज वाटते म्हणून उभा आहे.

लंडनमधलं तिचं राहणं थोडक्यात सांगतो, कारण गरिबी सगळीकडं सारखीच कंटाळवाणी असते. पूर्वेकडच्या वस्तीत एक खोली, खिडकी भिंतीवर उघडणारी. शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर येत नाही. कुठल्या टेबलावर अडतो ते इथं सांगत बसत नाही, ती टेबलं तुम्हाला पाठ आहेत. विद्यार्थी व्हिसावर सत्राच्या दिवसांत आठवड्याला वीस तास काम करता येतं. ते वीस तास ती एका दुकानात मालाच्या पेट्या फोडते. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरात एका भारतीय मुलीनं विचारलं, आडनाव काय? हिनं सांगितलं. ती म्हणाली, नाही, म्हणजे मूळचं? च्यायला, सात समुद्र ओलांडले पण तो प्रश्न हिच्या आधी पोचून गॅसजवळ उभा होता.

आता मुख्य गोष्ट. तिच्या वर्गात अंधार करून पडद्यावर चित्रं दाखवतात. हे अमुक शतक, ही तमुक शैली, हा वळसा बघा, ही कमरेची रेघ बघा. शिकवणारी बाई वाईट नाही, हे बहिणीनं मला तीनदा सांगितलं. मनापासून शिकवते. पण राजाचं नाव येतं, व्यापाऱ्याचं येतं, उत्खनन करणाऱ्या साहेबाचं येतं. दगड फोडणारा, वाहणारा कुठंच येत नाही. आणि मग एका दिवशी वर्ग गेला ब्रिटिश म्युझियममध्ये. तिथं तिकीट नाही, फुकट शिरता येतं. तेहतीस नंबरच्या दालनाला लागून, काचेच्या भिंतीआड, हवा आणि ओल मोजून राखलेल्या खोलीत अमरावतीचा स्तूप उभा आहे. म्हणजे स्तूपाचे दगड.

अमरावती म्हणजे आपल्या विदर्भातली नव्हे. आंध्रातली, कृष्णेच्या काठची. तीच कृष्णा, जी आपल्या महाबळेश्वरातनं निघते. सातवाहनांच्या काळात तिथं बौद्धांचा प्रचंड स्तूप उभा राहिला. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे. दगड पांढरट हिरवा चुनखडक, साहेबानं त्याला संगमरवर म्हटलं. जुन्या पटांवर बुद्ध माणसाच्या रूपात दिसत नाही. रिकामं आसन, पावलं, झाड, चक्र. आणि भोवती वाकलेली, हात जोडलेली माणसंच माणसं.

बहिणीनं तिथनं मला फोटो पाठवला. कठड्याच्या वरच्या दगडाचा. त्यावर माणसाच्या अंगाएवढी जाड फुलांची माळ आहे आणि ओळीनं पोरं ती खांद्यावर घेऊन चाललीत. खाली लिहिलं होतं, दादा, तुझी टोळी. मी तो फोटो दुपारच्या सुट्टीत मुकादमाला दाखवला. तो म्हणाला, तिसऱ्यानं खांदा बरोबर दिलाय, पुढचा अंग चोरतोय. ही कलेची समीक्षा आहे की नाही, तुम्ही ठरवा.

मग मी तिला उलटं विचारलं, हे दगड तिथं गेले कसे? कारण माझं पोट माल हलवण्यावर आहे. तिनं वाचून वाचून सांगितलं. १७९० च्या दशकात तिथला जमीनदार नवं गाव वसवायला त्या टेकाडातनं दगड उपसत होता. १७९८ च्या सुमारास मॅकेन्झी नावाचा साहेब तिथं पोचला. पुढं कित्येक कोरीव दगड चुन्यासाठी भाजले गेले. बुद्धाची पावलं कोरलेला दगड भट्टीत, आणि त्याचा चुना कुणाच्या तरी भिंतीला! १८४५ मध्ये वॉल्टर एलियटनं खणून पुष्कळ दगड मद्रासला नेले. तिथं ते वर्षानुवर्षं उन्हापावसात पडले. १८५९ मध्ये शंभरावर दगड जहाजानं लंडनला रवाना झाले. सुएझचा कालवा १८६९ चा, म्हणजे ते आफ्रिकेला वळसा घालून गेले असणार. एवढं करून लंडनमध्ये ते गाडीखान्यात टाकून दिले. १८६७ मध्ये फर्ग्युसन नावाच्या माणसाला ते तिथं सापडले, तेव्हा कुठं फोटो निघाले, पुस्तक झालं. १८८० मध्ये ब्रिटिश म्युझियमकडं आले आणि मोठ्या जिन्याच्या भिंतींवर बसले.

मी हिशेब केला. सहा फूट उंच, तीन फूट रुंद, अर्धा फूट जाड असा एक दगड धरा. चुनखडकाचं वजन घनमीटरला अडीच टनाच्या वर. म्हणजे साडेसहाशे किलोच्या आसपास एक नग. असे शंभर नग गावातनं काठावर, काठावरनं मद्रासला, मद्रासहून जहाजात. कुणी उचलले? एलियटचं नाव आहे, मॅकेन्झीचं आहे, जमीनदाराचंसुद्धा आहे. मद्रासला मसुला नावाच्या शिवलेल्या होड्यांतनं लाटा कापत माल जहाजापर्यंत नेत, कारण तेव्हा तिथं धक्काच धड नव्हता. त्या होडीवाल्यांपैकी एकाचंही नाव तिला सापडलं नाही.

हे सगळं बोलताना एक गोष्ट सांगायलाच हवी. बाबासाहेब १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि ह्याच म्युझियमच्या गोल वाचनालयात सकाळी दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसत. छत्तीस वर्षांनी नागपूरला त्यांनी धम्म दिला. बहीण म्हणते, पहिल्या दिवशी त्या इमारतीच्या पायऱ्या चढताना तिचे पाय लटपटले. वर्गातल्या पोरांना वाटलं, थंडीनं.

आणि आता विधिक.

अमरावतीच्या दगडांवर ब्राह्मी अक्षरांत, प्राकृतात लेख आहेत. कुणी काय दान दिलं त्याचे. ती ह्या लेखांची यादी ग्रंथालयात बसून वाचत होती. व्यापारी, भिक्षुणी, गृहपती, आणि मध्येच एक ओळ: चम्मकार विधिक. चामड्याचं काम करणारा. त्यानं पूर्णकुंभाचा पट दान दिलाय. सोबत आई, बायको, भाऊ, मुलगा, नातलग, मित्र. सगळ्यांना दगडावर जागा दिलीय. बापाचं नाव नाग, पोराचं नाव नाग. आणि मित्रांनो, बाप कोण? उपाध्याय. शिकवणारा! शिक्षकाचा मुलगा चामडं कमावतो आणि स्तूपाला कोरीव दगड देतो, आणि त्या दगडाला कुणी विटाळ म्हणत नाही.

रात्री दीड वाजता तिचा फोन आला, आपल्याकडं सकाळ होती, मी डॉकच्या गेटवर रांगेत. ती रडत होती. मला वाटलं काही तरी वाईट झालं. म्हणाली, दादा, आपला माणूस सापडला.

पुढच्या तासाला तिनं हे वर्गात मांडलं. बाईंनी वही पुढं ओढून लिहून घेतलं. पण एक भारतीय मुलगा, पुस्तकं भरपूर वाचलेला, म्हणाला, तेव्हाचा चर्मकार म्हणजे आजची जात नव्हे, आजचं दुखणं मागं लादू नका. आता प्रामाणिकपणानं बोलायचं तर त्याचं अर्धं बरोबर आहे. विधिक आपला खापरपणजोबा आहे असं कुणीही सिद्ध करू शकत नाही, आणि आपण तसं छातीठोक म्हणू नये. ह्यावर माझं आणि बहिणीचं भांडणही झालं. पण मी त्या मुलाला विचारतो, तेव्हा ती जात नव्हती, तर मग झाली कधी? कुणी केली? उपाध्यायाच्या पोराच्या हातात रापी असायची तिथनं रापीवाल्याला शाळेच्या दाराबाहेर बसवण्यापर्यंत रस्ता कुठनं गेला? हा प्रश्न कलेच्या इतिहासाचा नाही असं म्हणून साला पुढचं चित्र लावायचं?

आणि लंडनलाच कशाला जायला पाहिजे. आपण एकवीरेच्या जत्रेला कार्ल्याला जातो. तिथं लेण्याच्या दाराशी सामी नावाच्या सुताराचं नाव कोरलंय, धेनुकाकटचा. दार त्यानं केलं. आपण त्याच्यासमोर उभं राहून भेळ खाल्लीय.

आता तिचा प्रबंध चालू आहे, दगड हलवण्याच्या इतिहासावर. त्यात एक प्रकरण माझ्यामुळं अडलं होतं. एवढा दगड कोपरे न मोडता कसा उचलायचा, हे तिला कुठल्या पुस्तकात सापडेना. मी तिला चार रात्री बोलून पाठवलं: दोर कुठं घ्यायचा, कोपऱ्याला काथ्या किंवा पोतं कसं गुंडाळायचं, उभा दगड आडवा करताना माणसं कुठल्या बाजूला उभी राहात नाहीत आणि का. तिनं ते लिहिलं आणि तळटीपेत टाकलं: मुंबईच्या गोदीतल्या कामगाराशी बोलणं. बाईंनी कडेला लिहिलं, ह्या साक्षीदाराची पात्रता लिहा. बहिणीनं लिहिलं, नऊ वर्षं अंगावर माल. ते तसंच राहिलं आहे.

डिसेंबरात ती येतेय. चेन्नईला एग्मोरच्या सरकारी म्युझियममध्ये अमरावतीच्या दगडांचा मोठा साठा आहे, तिथं जायचं ठरलंय. साध्या डब्यानं. आतापर्यंत चौघांचे पैसे जमलेत. ज्यांना यायचंय त्यांनी जाताना वहीत नाव लिहा आणि पाळी बदलून घ्यायचं आधीच बघा, ऐन वेळी खाडा परवडत नाही. तिनं ब्राह्मी अक्षरं मोठ्या कागदावर काढून पाठवलीत, ती मागच्या भिंतीवर चिकटवलीत. सगळी आज नका शिकू. आधी 'न' ओळखा, सोपा आहे: आडव्या रेघेवर मधोमध एक उभी रेघ, जमिनीत खुंटी ठोकल्यासारखी.