२९ फेब्रुवारीची बाकी



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांचा दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही. २३ मार्च २०२० चा तो पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून गुण मिळाले. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. इचलकरंजीत रात्रंदिवस चालणारा मागांचा खडखडाट थांबला. मागांवर काम करणारे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचे कामगार मिळेल त्या वाटेने गावी निघाले. तुमच्या घरात त्या दिवसांत सुताचं बिल, अडकलेलं पेमेंट, बंद मागांचंही येणारं वीजबिल असल्या गोष्टी चालल्या असतील. त्यातच कधीतरी 'कोविड लोन' हे शब्द तुमच्या कानावर पडले असतील.

मी त्या काळात एका सरकारी बँकेच्या शाखेत कर्ज विभाग सांभाळत होते. वाणिज्य शाखेच्या पदवीधरांना सांगण्याजोगं माझ्याजवळ सगळ्यांत महत्त्वाचं काही असेल, तर ते त्या कर्जाच्या कागदांत मी जे पाहिलं तेच आहे. म्हणून आज त्याबद्दलच बोलते.

आधी घटनाक्रम थोडक्यात सांगते. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने रेपो दर ५.१५ वरून ४.४० टक्क्यांवर आणला आणि कर्जाचे हप्ते तीन महिने लांबवण्याची मुभा दिली. पुढे ही मुदत ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. हप्ता थांबला तरी व्याज थांबलं नव्हतं. त्या व्याजावरच्या व्याजाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०२१ मध्ये निकाल लागला, की सवलतीच्या काळात चक्रवाढ व्याज कोणाकडूनही घेऊ नये. १२ मे २०२० रोजी पंतप्रधानांनी २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्याचा पहिला भाग मांडला. त्यात लघुउद्योगांसाठी ३ लाख कोटींची तातडीची कर्जहमी योजना होती. नवं तारण लागणार नव्हतं, मुदत चार वर्षांची होती, पहिलं वर्षभर मुद्दल भरायचं नव्हतं. बँकांना व्याज जास्तीत जास्त ९.२५ टक्के लावता येणार होतं. कर्ज बुडालं तर पूर्ण रक्कम केंद्र सरकारची हमी संस्था भरणार होती.

या योजनेचा हिशेब एका ओळीचा होता. २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर जेवढी कर्जाची बाकी, तिच्या २० टक्के रक्कम नव्याने मिळेल. त्या तारखेला खातं ६० दिवसांपेक्षा जास्त थकलेलं नसावं, ही मुख्य अट. शाखेत आम्ही याद्या काढल्या, ग्राहकांना फोन केले, सह्या घेतल्या आणि पैसे जमा केले. एरवी अशा प्रकरणाला महिनाभर लागला असता, ते आठवड्यात व्हायला लागलं.

आता माझ्या टेबलापुढे आलेल्या दोघांची गोष्ट ऐका.

पहिले एक यंत्रमागधारक. कॅश क्रेडिटची बाकी ६ लाख, म्हणजे नवे १ लाख २० हजार मंजूर झाले. ते आले, सही केली आणि तिथेच बसून हिशेब मांडला. जॉबरला आणि कांडीवाल्याला उचल किती, वहिफणीवाल्याचे राहिलेले पैसे किती, परत येणाऱ्या चार कामगारांच्या रेल्वेभाड्याला किती. जूनच्या मध्याला त्यांचे माग सुरू झाले. पुढच्या वर्षापासून महिन्याला ३,३३३ रुपये मुद्दल आणि वर व्याज, हे त्यांनी तोंडपाठ करून ठेवलं होतं. त्या कर्जाने त्यांचा कारखाना वाचला, हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगेन.

दुसरे एक मंडप आणि डेकोरेशनवाले. मर्यादा १० लाखांची, व्यवहार स्वच्छ, एकदाही हप्ता चुकलेला नाही. लग्नसराई एप्रिल-मेची. मार्चमध्ये ते कापड, खुर्च्या, लाइटिंगसाठी पैसे उचलायचे आणि जूनमध्ये भरून टाकायचे. फेब्रुवारीअखेर त्यांची बाकी होती दीड लाख. वीस टक्क्यांनी झाले ३० हजार. सगळी लग्नं रद्द झाली होती, लोक इसाऱ्याचे पैसे परत मागत होते आणि हातात ३० हजार. मला ते म्हणाले, "मॅडम, मी पैसे वेळेवर भरले ही माझी चूक झाली का?" नियमात बसेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि दुसरं काही द्यायचा अधिकारही नव्हता.

ज्यांनी कधी कर्जच काढलं नाही, त्यांचं काय झालं ते तुम्हीच काढा. शून्याचे वीस टक्के. खानावळी, पीठगिरण्या, शिवणकाम करणाऱ्या बायका, सायकल दुरुस्तीवाले. कर्ज नको, असं शिकवणाऱ्या घरांत वाढलेली ही माणसं त्या यादीतच नव्हती.

इचलकरंजीकरांना आणखी एक गोष्ट लगेच कळेल. आपल्याकडचा खर्चीवाला यंत्रमागधारक व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देतो. त्याचे पैसे व्यापाऱ्याकडे दोन-दोन महिने अडकलेले असतात. खरं तर तो स्वतःच व्यापाऱ्याला बिनव्याजी कर्ज देत असतो. टाळेबंदी लागली तेव्हा त्याचं मोठं येणं बाहेर अडकलं होतं आणि बँकेत बाकी थोडी होती. योजनेने त्याचं देणं मोजलं. त्याचं येणं कोणीच मोजलं नाही.

मी ही योजना वाईट होती असं म्हणत नाही. सरकारला त्या वेळी वेग हवा होता, आणि कोट्यवधी उद्योगांची छाननी करत बसायला सवड नव्हती. हातात जी यादी तयार होती, ती बँकांची होती. पुढे मर्यादा वाढत गेल्या, डॉक्टर आणि इतर व्यावसायिकांची कर्जं आत आली, हॉटेल आणि पर्यटनासाठी २० टक्क्यांचे ४० टक्के झाले, हमीची एकूण मर्यादा ५ लाख कोटींवर गेली. मार्च २०२३ ला योजना संपली तेव्हा १ कोटीहून जास्त कर्जदारांना तिचा लाभ झाला होता. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने जानेवारी २०२२ मध्ये अंदाज मांडला होता, की सुमारे साडेतेरा लाख लघुउद्योगांची खाती या योजनेमुळे बुडीत जाण्यापासून वाचली. हा आकडा लहान नाही. त्या प्रत्येक खात्यामागे एक घर आहे.

पण मदत कोणाला पोचली, हे यादीने ठरवलं. हे फक्त आपल्याकडे झालं नाही. ब्रिटनने २० मार्च २०२० लाच जाहीर केलं, की घरी बसवलेल्या कामगारांच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत, सरकार देईल. सप्टेंबर २०२१ पर्यंत चाललेल्या त्या योजनेने १ कोटी १७ लाख नोकऱ्यांचे पगार दिले. ते त्यांना जमलं, कारण प्रत्येक पगारदाराची नोंद त्यांच्या करखात्याकडे दर महिन्याला जाते. तिथेही तारीख होतीच, १९ मार्च. त्या तारखेपर्यंत ज्याच्या पगाराची नोंद करखात्याकडे पोचली नव्हती, तो नवा नोकरदार बाहेर राहिला. तिथल्या छोट्या उद्योगांना ५० हजार पौंडांपर्यंतची कर्जं एका छोट्या ऑनलाइन अर्जावर मिळाली, आणि त्यात इतकी लबाडी झाली की जानेवारी २०२२ मध्ये एका मंत्र्याने लॉर्ड्स सभागृहात उभं राहून त्याच कारणाने राजीनामा दिला. अमेरिकेने पगारासाठी दिलेली कर्जं बहुतांशी माफच केली. तिथे पहिले ३४९ अब्ज डॉलर दोन आठवड्यांत संपले. ज्यांची बँकेत आधीपासून ओळख होती, ते रांगेत पुढे होते. शेक शॅक या मोठ्या उपाहारगृह साखळीला मिळालेले १ कोटी डॉलर तिने लोकांच्या टीकेनंतर परत केले.

आपल्याकडे पगारासाठी थेट मदत झाली ती भविष्य निर्वाह निधीच्या रूपाने. शंभरपर्यंत कामगार असलेल्या आणि त्यातल्या ९० टक्क्यांचा पगार १५ हजारांखाली असलेल्या आस्थापनांत मालक आणि कामगार या दोघांचाही हिस्सा, म्हणजे पगाराच्या २४ टक्के, केंद्राने सहा महिने भरला. ज्या शेडमध्ये मजुरी मीटरवर ठरते आणि रोख हातात पडते, तिथे निधीचं खातंच नाही. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कडक निर्बंधांबरोबर ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली, तेव्हा परवानाधारक रिक्षाचालकांना १,५०० रुपये मिळायचे होते. दुसऱ्याची रिक्षा पाळीने चालवणाऱ्याच्या नावावर परवाना नसतो.

या सगळ्यात मला मनापासून आवडलेली योजना आकाराने लहान होती. १ जून २०२० ला सुरू झालेली पीएम स्वनिधी. तेव्हा फेरीवाल्यांना १० हजार रुपये, तारण नाही, व्याजात ७ टक्के सवलत. वेळेवर फेडलं तर २० हजार, मग ५० हजार. ज्याचं नाव नगरपालिकेच्या सर्वेक्षणात सुटलं होतं, त्याला पालिकेचं शिफारसपत्र आणून आत येता येत होतं. इतर योजना यादीत असलेल्याला शोधत होत्या, ही एकच यादीत नसलेल्याला आत घेत होती.

आमच्या शाखेत एक भाजीवाल्या मावशी आल्या. पदरात जपून गुंडाळलेलं पासबुक, शिफारसपत्र आणि आधार कार्ड. त्यांनी विचारलं, "तारण काय ठेवू? गळ्यात तर काळी पोतच आहे." मी म्हटलं, "मावशी, काही ठेवायचं नाही." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या आयुष्यात पैसे उचलायचे ते पहाटे सावकाराकडून आणि संध्याकाळी वरचे पैसे घालून फेडायचे. १० हजार मिळाले. त्यांनी हातगाडीचं चाक बदललं, वजनकाटा घेतला आणि बाकीच्या पैशात कांदा-बटाटा भरला. बाराही हप्ते वेळेवर आले. पुढच्या वर्षी २० हजारांसाठी त्या आल्या, तेव्हा बँकेत त्यांचा स्वतःचा इतिहास तयार झालेला होता. आता त्यांच्या खात्यावर सांगण्याजोगी बाकी आहे, आणि ती उद्याच्या कोणत्याही यादीत दिसेल.

तुम्ही उद्या बँकेत जाल, कर सल्लागाराकडे काम कराल, कोणी वडिलांचा कारखाना सांभाळेल. यादी तुमच्या हातून तयार होणार आहे. संकट आल्यावर अर्थमंत्री नवी यादी करायला बसत नाहीत, तेवढा वेळच नसतो. तोपर्यंत तुमच्यासारख्यांनी जी नोंद करून ठेवलेली असते, तीच उघडली जाते. शेजारच्या खानावळवाल्याची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून विनाशुल्क ऑनलाइन होते, आधार क्रमांकावर. पंधरा मिनिटांचं काम आहे. एजंट त्याचे हजार-दोन हजार रुपये घेतात, ते तुम्ही त्याला शेजारी बसवून फुकट करून द्या. कामगारांच्या हजेरीपटावर नाव घालताना मालक म्हणेल, "राहू दे, दिवाळीनंतर बघू." त्या वेळी जरा आग्रह धरा. मला माहीत आहे, नव्या नोकरीत असा आग्रह धरणं सोपं नसतं. तरी धरा.

आणि ज्याला नोकरी मोठ्या कंपनीच्या खरेदी किंवा लेखा विभागात लागेल, त्याच्याकडे माझी एक खास मागणी आहे. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे छोट्या पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यातही बदल केला, की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळणार नाही. कायदा चांगला आहे. पण छोटा माणूस तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर जाईल ही भीती. त्यामुळे तो कायदा चालवायचा असेल, तर बिल पास करणाऱ्याच्या टेबलावरच चालवावा लागतो. त्या टेबलामागे तुम्ही असाल. खर्चीवाल्याचं येणं चाळिसाव्या दिवशी त्याच्या खात्यात पोचलं असतं, तर त्याला माझ्यापुढे बसून वीस टक्क्यांचा हिशेब करावाच लागला नसता.

तुमच्या पालकांपैकी काहींनी ते चार वर्षांचं कर्ज फेडत तुमची कॉलेजची फी भरली आहे. काहींचा शेवटचा हप्ता अजून ताजा असेल. पदवी घेऊन खाली उतरलात की त्यांना त्या दिवसांचा हिशेब विचारा. २९ फेब्रुवारीला त्यांची बाकी किती होती, येणं कोणाकडे होतं, कामगारांना काय दिलं, पाहुण्यांकडून किती उसने घेतले. कागद सापडले तर जपून ठेवा. तुम्ही आता ते वाचू शकता.